डिजिटल शिल्पकला आणि संगणकाची निवड : वर्कस्टेशनपासून लॅपटॉपपर्यंतचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शिल्पकलेचा इतिहास हा जसा शैलींचा आणि आश्रयदात्यांचा इतिहास आहे, तसाच तो साधनांचाही इतिहास आहे. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणणाऱ्या कारागिराचे काम छिन्नीवाचून झाले नसते आणि कांस्यमूर्ती ओतणाऱ्याचे काम मेण, माती व भट्टी यांवाचून झाले नसते. साधन बदलले की कामाची पद्धत बदलते, कामाची जागा बदलते आणि ते काम कोणाला करता येईल हेही बदलते. गेल्या तीन दशकांत शिल्पकाराच्या साधनांत संगणकाची भर पडली. पडद्यावरील मातीसारख्या पृष्ठभागावर लेखणीने दाब देऊन तो फुगविणे, खोल करणे, ओढणे किंवा घासून गुळगुळीत करणे या कामास डिजिटल शिल्पकला म्हणतात. चित्रपट, संगणकीय खेळ, दागिने, खेळणी, दंतवैद्यक आणि स्मारकशिल्पे अशा अनेक क्षेत्रांत ती आज रूढ झाली आहे.

या कलेसाठी संगणक निवडण्याचा प्रश्न वरवर पाहता बाजारातील खरेदीचा वाटतो. डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड किती मोठे असावे, रॅम किती असावी, असे त्याचे स्वरूप असते. विभागाची प्रयोगशाळा उभारताना ‘काम ग्राफिक्सचे आहे, म्हणून सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड’ असा सरळ निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. विद्यार्थ्याच्या घरी तर ही खरेदी तीन-चार वर्षांतून एकदाच होते आणि ती चुकली की दुरुस्त करण्याइतका पैसा नसतो. म्हणून हा निष्कर्ष कितपत खरा आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. या तंत्राचा इतिहास त्यास बरेच स्पष्ट उत्तर देतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) डिजिटल शिल्पकलेच्या विकासाचे टप्पे पाहणे, २) प्रत्येक टप्प्यावर कलावंताच्या वाट्याला कोणता संगणक आला व का आला, याची कारणमीमांसा करणे, ३) त्या आधारे डेस्कटॉप व लॅपटॉप यांच्या निवडीचे निकष मांडणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संगणकाची निवड यंत्राच्या एकूण सामर्थ्यावर ठरत नाही. सॉफ्टवेअर आकाराची नोंद कशी ठेवते आणि तिचा हिशेब यंत्राच्या कोणत्या भागाकडून करून घेते यावर ती ठरते, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

आकाराची गणिती नोंद

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेखाटन करण्याची ही पहिली महत्त्वाची प्रणाली टीएक्स-२ या प्रायोगिक संगणकावर चालत असे. त्या काळी असा संगणक एखाद्या दालनाएवढी जागा व्यापणारा आणि संस्थेच्याच मालकीचा असे. त्यामुळे कलावंताने यंत्र निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

यानंतरची महत्त्वाची घडामोड युटा विद्यापीठात झाली. तेथे १९७२ साली एडविन कॅटमल यांनी आपल्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर बहुभुज आकृत्यांची जाळी आखली आणि प्रत्येक शिरोबिंदूची मोजमापे संगणकात भरली. त्यावरून तयार झालेला हलता हात हा संगणकीय चलच्चित्राच्या इतिहासातील एक मैलाचा दगड मानला जातो. शिल्प आधी प्लास्टरमध्ये होते आणि संगणकाने त्याची केवळ नोंद घेतली, हे या प्रयोगात लक्षणीय आहे. पुढील सुमारे पंचवीस वर्षे हाच क्रम मोठ्या प्रमाणात कायम राहिला.

१९७७ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील रिचर्ड पेरेंट यांनी त्रिमितीय माहितीचे ‘शिल्पन’ करणारी प्रणाली मांडली. एका घनाकृतीने दुसरी कापणे, दोन आकृत्या जोडणे अशा क्रिया तीत होत्या. १९७८ मध्ये एडविन कॅटमल व जिम क्लार्क यांनी पृष्ठभागाच्या पुनःपुन्हा विभाजनाची रीत प्रसिद्ध केली. तीत जाळीतील प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन होतात व पृष्ठभाग अधिक नितळ होत जातो. आजच्या बहुतेक शिल्पन सॉफ्टवेअरमध्ये ही रीत या ना त्या रूपाने आढळते.

१९९१ मध्ये टिनस्ले गॅलियन व जॉन ह्यूझ यांनी निराळा मार्ग दाखविला. त्यांनी पृष्ठभागाऐवजी अवकाशाचेच लहान घन तुकडे केले. अशा तुकड्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक तुकड्यात द्रव्य किती आहे याची नोंद ठेवली म्हणजे माती लावणे वा खरवडणे ही क्रिया स्वाभाविकपणे करता येते. ट्यूबमधून टूथपेस्ट काढावी तसे द्रव्य सोडणारे, उष्णतेने वितळविणारे व सँडपेपरने घासल्यासारखे गुळगुळीत करणारे अवजार त्यांनी कल्पिले होते. मात्र या रीतीचा हिशेब मोठा असतो. लांबी, रुंदी व उंची यांत प्रत्येकी १०० तुकडे केले तर एकूण १० लाख तुकडे होतात. प्रत्येकी २०० केले तर ८० लाख. बारकावा दुप्पट केला की स्मृतीची गरज आठपट होते. कल्पना पुढे गेली होती, पण तत्कालीन यंत्राला तिचे ओझे पेलणारे नव्हते.

वर्कस्टेशनचे युग आणि टिकून राहिलेली माती

विभाजनाच्या रीतीचे सहकर्ते जिम क्लार्क हे स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना त्रिमितीय भूमितीचा हिशेब करणाऱ्या विशेष चिपवर काम करीत होते. त्यातून १९८२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या वर्कस्टेशनांनी पुढील दीड दशक चित्रपट व औद्योगिक आरेखन क्षेत्रांवर वर्चस्व गाजविले. ‘टर्मिनेटर २’ (१९९१) व ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटांतील संगणकीय दृश्ये याच यंत्रांवर घडली. १९९२ मध्ये याच कंपनीने ओपनजीएल हे ग्राफिक्सचे मानक खुले केले. १९९५ मध्ये तिने एलियस व वेव्हफ्रंट या सॉफ्टवेअर कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांच्या एकत्रीकरणातून १९९८ मध्ये ‘माया’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले.

या वर्कस्टेशनांच्या किमती हजारो डॉलरांच्या घरात असत व वरच्या श्रेणीची यंत्रे त्याहून कितीतरी महाग असत. ती स्टुडिओची मालमत्ता असे आणि कलावंत कामाच्या वेळेपुरता त्यांच्यासमोर बसे. यंत्राचे सामर्थ्य विशेष ग्राफिक्स चिपमध्ये होते, परंतु ते मुख्यतः तयार आकार पडद्यावर वेगाने दाखविण्यासाठी उपयोगी पडे. आकार घडविण्याची रीत मात्र एकेक बिंदू वा वक्ररेषा सरकविण्याची होती. मानवी चेहऱ्यावरील सुरकुत्या वा त्वचेची छिद्रे अशा रीतीने घडविणे जवळजवळ अशक्य होते.

त्यामुळे माती टिकून राहिली. पिक्सारच्या ‘गेरीज गेम’ (१९९७) या लघुपटातील वृद्धाचे डोके आधी प्रत्यक्ष मातीत घडविले गेले आणि नंतर त्याची मोजमापे संगणकात घेऊन विभाजनाच्या रीतीने त्याचा पृष्ठभाग तयार करण्यात आला. जगातील उत्तम यंत्रे हाताशी असलेल्या स्टुडिओलाही शिल्पासाठी मातीकडे वळावे लागत होते, याचा अर्थ स्पष्ट आहे. अडचण यंत्र कमी शक्तिमान असल्याची तर होतीच. त्याहून अधिक ती शिल्पकाराच्या हाताला साजेशी कार्यपद्धती नसल्याची होती. पडद्यावरील मातीला हाताचा दाब कळावा म्हणून झालेले प्रयत्नही याच काळातले आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये थॉमस मॅसी व केनेथ सॅलिसबरी यांनी विकसित केलेले ‘फँटम’ हे उपकरण हाताला स्पर्शाचा प्रतिरोध जाणवून देत असे. त्यावर आधारलेली शिल्पन प्रणाली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली, परंतु तिचा वापर प्रामुख्याने औद्योगिक आरेखनापुरता मर्यादित राहिला.

मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ने घातलेला पेच

प्रत्यक्ष शिल्पातील बारकावा आणि संगणकाची क्षमता यांतील अंतर मोजण्याचा योग एका वेगळ्याच प्रकल्पातून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क लेव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली १९९८-९९ या शैक्षणिक वर्षात इटलीत मायकेलअँजेलोच्या शिल्पांचे लेझर स्कॅनिंग करण्यात आले. छिन्नीच्या खुणाही टिपल्या जाव्यात म्हणून सुमारे पाव मिलिमीटर अंतरावर मोजमापे घेतली गेली. पाच मीटरहून अधिक उंचीच्या ‘डेव्हिड’ या पुतळ्याच्या नोंदीत सुमारे २ अब्ज बहुभुज आणि ७,००० रंगीत छायाचित्रे जमा झाली.

या आकड्याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. प्रत्येक शिरोबिंदूच्या स्थानासाठी तीन संख्या लागतात आणि प्रत्येक संख्येस साधारणतः ४ बाइट, म्हणजे एका बिंदूस १२ बाइट. त्रिकोणी जाळीत बिंदूंची संख्या त्रिकोणांच्या सुमारे निम्मी असते. म्हणजे २ अब्ज त्रिकोणांसाठी १ अब्ज बिंदू आणि केवळ त्यांच्या स्थानांसाठी १२ गिगाबाइट जागा. त्या काळच्या सामान्य वैयक्तिक संगणकाची कमाल पोहोच ४ गिगाबाइट होती व प्रत्यक्षात त्यात त्याच्या अल्पांशाइतकीच रॅम असे. म्हणून याच प्रकल्पाशी निगडित असलेल्या शिमॉन रुसिंकीविच व लेव्हॉय यांनी २००० साली ‘क्यूस्प्लॅट’ ही पद्धती मांडली. संपूर्ण जाळी एकाच वेळी न दाखविता बिंदूंची श्रेणीबद्ध रचना करून पडद्यावर आवश्यक तेवढाच तपशील दाखवावा, हे तिचे तत्त्व होते. मोठे यंत्र मिळेपर्यंत थांबण्याऐवजी माहितीची मांडणीच बदलली की लहान यंत्रावरही काम होते, हा धडा डिजिटल शिल्पकलेच्या पुढील टप्प्यात निर्णायक ठरला.

घरच्या डेस्कटॉपवर शिल्प

१९९७ मध्ये ऑफर अॅलन व जॅक रिमोख यांनी पिक्सोलॉजिक ही कंपनी स्थापन केली. तिचे ‘झेडब्रश’ हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये सिगग्राफ या संगणकीय ग्राफिक्सच्या परिषदेत दाखविले गेले. सामान्य चित्रात प्रत्येक ठिपक्याला केवळ रंग असतो. झेडब्रशच्या ठिपक्याला रंगाबरोबर खोली, दिशा व द्रव्याचा प्रकार हेही गुण होते. त्या विशेष ठिपक्यास ‘पिक्सॉल’ असे नाव देण्यात आले. पडद्यावरील चित्र रचण्याचे काम या सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्डावर न सोपविता मध्यवर्ती प्रोसेसर व रॅम यांच्याकडून करून घेतले. २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीने लाखो बहुभुजांच्या जाळीवर दाबसंवेदी लेखणीने शिल्पन करण्याची सोय दिली.

या एका तांत्रिक निर्णयाचे सामाजिक परिणाम मोठे झाले. महागड्या ग्राफिक्स यंत्रणेची अट उरली नाही. साधा डेस्कटॉप, बरा प्रोसेसर, परवडेल तेवढी रॅम आणि एक ग्राफिक्स टॅबलेट एवढ्या सामग्रीवर स्टुडिओबाहेरचा कलावंतही स्टुडिओच्या तोडीचा तपशील घडवू लागला. वर्कस्टेशनच्या युगात संस्थेकडे असलेली साधनाची मालकी आता कलावंताकडे आली आणि ‘कोणता संगणक घ्यावा’ हा प्रश्न प्रथमच त्याचा स्वतःचा झाला. याच सुमारास वैयक्तिक संगणकांच्या स्पर्धेत सिलिकॉन ग्राफिक्सची पीछेहाट होत गेली. १९९९ मध्ये एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आले आणि एकेकाळी वर्कस्टेशनची मिरास असलेली भूमितीची विशेष चिप सामान्य डेस्कटॉपमध्ये बसू लागली. २००६ व २००९ अशी दोनदा सिलिकॉन ग्राफिक्सवर दिवाळखोरीची पाळी आली.

दुसरा मार्ग न्यूझीलंडमधून आला. वेटा डिजिटल या स्टुडिओत काम केलेल्या कलावंतांनी ‘मडबॉक्स’ हे सॉफ्टवेअर घडविले. ‘किंग काँग’ (२००५) या चित्रपटाच्या निर्मितीत त्याचा वापर झाला आणि २००७ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ते विकत घेतले. मडबॉक्सने पडद्यावरील चित्रणाचा भार ग्राफिक्स कार्डावर टाकला. प्रकाश, छाया व पोत यांचे दर्शन त्यामुळे तत्काळ होई, परंतु कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडली की काम अडे. म्हणजे २००७ च्या सुमारास एकाच कलेसाठी दोन सॉफ्टवेअरे उपलब्ध होती आणि दोहोंना अनुरूप संगणक वेगवेगळे होते. झेडब्रश वापरणाऱ्याने ग्राफिक्स कार्डावर खर्च केलेला पैसा बव्हंशी वाया जात असे, तर मडबॉक्स वापरणाऱ्याने त्यात केलेली काटकसर पावलोपावली जाणवत असे.

युक्रेनमधील कीव्ह येथे आंद्रे श्पागिन यांनी विकसित केलेल्या ‘थ्रीडी-कोट’ने व्हॉक्सेलची जुनी कल्पना डेस्कटॉपवर व्यवहार्य केली. ‘ब्लेंडर’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निकोलस बिशप यांच्या कामातून २००७ साली शिल्पनाची सोय आली. पुढे २०१३ मध्ये ब्रश फिरेल तेथेच जाळी दाट करण्याची रीत तीत दाखल झाली आणि २०१९ च्या २.८१ आवृत्तीत शिल्पनाची अवजारे मोठ्या प्रमाणात नव्याने घडविण्यात आली. परवान्याचा खर्च नसल्याने ब्लेंडरने विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकाचा तोल बदलला. सॉफ्टवेअरवर लागणारा पैसा रॅम व लेखणी यांकडे वळविणे त्यामुळे शक्य झाले.

चार गिगाबाइटची मर्यादा

या काळातील खरी अडचण वेगाची नव्हती, स्मृतीची होती. ३२ बिटचा प्रोसेसर २ च्या ३२ व्या घाताइतकेच, म्हणजे ४ गिगाबाइटपर्यंतचेच पत्ते ओळखू शकतो. विंडोजमध्ये एका प्रोग्रामच्या वाट्याला साधारणतः त्यातील निम्मीच जागा येई. शिल्पकाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे एका उदाहरणाने पाहता येईल. १,००० चौकोनांच्या साध्या आकृतीचे सहा वेळा विभाजन केले तर प्रत्येक वेळी चौपट होत ४० लाख ९६ हजार चौकोन होतात. बिंदूंची स्थाने व चौकोनांची जोडणी यांची मिळून जागा सुमारे ११५ मेगाबाइट भरते. एखाद्या योद्ध्याच्या शिल्पात डोके, धड, हात, वस्त्रे, शस्त्रे, अलंकार असे दहा भाग असतील तर ही जागा १.१५ गिगाबाइट होते. यापुढे प्रत्येक भागाचे आणखी केवळ एकदा विभाजन केले की हिशेब ४.६ गिगाबाइटवर जातो आणि मर्यादा ओलांडली जाते. रंग, मुखवटे व मागे फिरण्यासाठी ठेवलेल्या पायऱ्या यांची जागा यात धरलेलीच नाही.

२००३ मध्ये एएमडी कंपनीने सामान्य संगणकासाठी ६४ बिटचे प्रोसेसर आणले व २००५ मध्ये विंडोज एक्सपीची ६४ बिट आवृत्ती आली. तथापि यंत्र बदलले म्हणून सॉफ्टवेअर लगेच बदलले नाही. झेडब्रशची ६४ बिट आवृत्ती प्राथमिक स्वरूपात २०१५ मध्ये उपलब्ध झाली. तोपर्यंत १६ गिगाबाइट रॅम बसविलेल्या कलावंतालाही त्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा पुरता लाभ घेता येत नव्हता. यंत्राची खरेदी सॉफ्टवेअरच्या पुढे धावली तर तो खर्च निष्फळ होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

लॅपटॉपचा उदय आणि उष्णतेचा प्रश्न

प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढत जाण्याचा क्रम २००४ च्या सुमारास थांबला. इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि ४ गिगाहर्ट्झची योजना त्याच वर्षी रद्द झाली. वाढती उष्णता हे त्यामागील प्रमुख कारण होते. त्यानंतर एकाच चिपमध्ये अनेक गाभे बसविण्याकडे कल वळला. उष्णता हा विषय येथून पुढे संगणकाच्या निवडीत केंद्रस्थानी आला आणि डेस्कटॉप व लॅपटॉप यांतील खरा भेद तोच आहे.

२००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात लॅपटॉपची विक्री प्रथमच डेस्कटॉपहून किंचित अधिक झाली. विद्यार्थ्याच्या घरी येणारा पहिला संगणक हा अनेकदा लॅपटॉपच असू लागला. परंतु लॅपटॉपच्या पातळ पेटीत उष्णता बाहेर टाकण्यास जागा कमी असते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला ६५ ते १२५ वॅट वीज सहज देता येते, तर सामान्य लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी हा आकडा १५ ते ४५ वॅटच्या आसपास असतो. तापमान मर्यादेबाहेर गेले की प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो. एखादे पत्र लिहिताना हे जाणवत नाही. शिल्पकार मात्र चार-चार तास अखंड काम करतो आणि पहिल्या दहा मिनिटांत चपळ वाटलेले यंत्र तिसऱ्या तासाला ब्रशच्या मागे रेंगाळू लागते. हाताची हालचाल व पृष्ठभागाचा प्रतिसाद यांत अंतर पडले की शिल्पनातील सहजता नष्ट होते.

नावांमुळे होणारा गोंधळ ही याचीच दुसरी बाजू. २०१६ पर्यंत एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधील चिपच्या नावापुढे ‘एम’ हे अक्षर असे. त्या वर्षीच्या मालिकेपासून ते काढण्यात आले. २०१७ मध्ये पातळ लॅपटॉपसाठी ‘मॅक्स-क्यू’ ही कमी विजेवर चालणारी रचना आली. परिणामी सारख्याच नावाच्या दोन चिपची प्रत्यक्ष कामगिरी पेटीनुसार वेगळी होऊ लागली. केवळ नाव व क्रमांक पाहून केलेली तुलना तेव्हापासून अपुरी ठरली आहे.

२०२० मध्ये ॲपलने ‘एम१’ ही स्वतःची चिप आणली. तीत प्रोसेसर व ग्राफिक्स यांना एकच सामाईक स्मृती देण्यात आली आणि वीज कमी लागत असल्याने उष्णतेचा प्रश्न सौम्य झाला. पंखाच नसलेल्या लॅपटॉपवरही गंभीर स्वरूपाचे शिल्पन होऊ लागले. मात्र या यंत्रांतील रॅम नंतर वाढविता येत नाही. डेस्कटॉपमध्ये आज १६ गिगाबाइट घेऊन पुढील वर्षी ३२ करता येतात. येथे पहिल्याच दिवशी घेतलेला निर्णय यंत्राच्या आयुष्यभरासाठी असतो.

लेखणी आणि टॅबलेट

शिल्पनाचा अनुभव जितका संगणकावर तितकाच लेखणीवर अवलंबून असतो. जपानमधील वाकॉम या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने दाबसंवेदी लेखणीच्या क्षेत्रात दीर्घकाळ आघाडी राखली. तिच्या ‘सिंटिक’ मालिकेने पडद्यावरच लिहिण्याची सोय दिली. डेस्कटॉपशी असा पडदा वा साधा टॅबलेट जोडण्याची पद्धत आजही सर्वाधिक लवचीक आहे, कारण संगणक बदलला तरी लेखणी तीच ठेवता येते.

२०१५ मध्ये ‘आयपॅड प्रो’ व ‘ॲपल पेन्सिल’ यांनी पडदा, लेखणी व प्रोसेसर एकाच पाटीत आणले. २०२० मध्ये स्तेफान जिनिए यांचे ‘नोमॅड स्कल्प्ट’ हे अल्पमोली शिल्पन सॉफ्टवेअर टॅबलेटवर आले. झेडब्रश २०२२ च्या आरंभी मॅक्सन या कंपनीकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची आयपॅडसाठीची आवृत्ती प्रसिद्ध झाली. दालनभर यंत्रासमोर प्रकाशलेखणी घेऊन बसलेल्या सदरलँड यांच्यापासून सुरू झालेला प्रवास सहा दशकांनी हातातील पाटीपर्यंत येऊन पोहोचला.

विवेचन

वरील इतिहासातून निवडीचा एक क्रम हाती लागतो. प्रथम सॉफ्टवेअर ठरवावे. सॉफ्टवेअर आकाराचा हिशेब व चित्रण कोणाकडून करून घेते, हे पाहिल्यावर पैसा कोठे घालावा हे आपोआप ठरते. झेडब्रशसाठी प्रोसेसर व रॅम यांस अग्रक्रम आहे. ब्लेंडरमध्ये पडद्यावरील दर्शन ग्राफिक्स कार्डाकडून होत असल्याने मध्यम प्रतीचे कार्ड आवश्यक ठरते आणि शिल्पाचे अंतिम छायांकन त्यातच करावयाचे असेल तर कार्डाचे महत्त्व आणखी वाढते. शिल्पन आणि छायांकन ही दोन वेगळी कामे आहेत. महागड्या कार्डाची शिफारस पुष्कळदा दुसऱ्या कामाची असते व ती पहिल्यावर लादली जाते.

दुसरे स्थान स्मृतीचे. आजच्या घडीला विद्यार्थ्याच्या सरावास १६ गिगाबाइट रॅम पुरते. अनेक भागांच्या मोठ्या कामास ३२ वा ६४ गिगाबाइट असणे इष्ट आहे. तिसरे स्थान शीतनाचे. लॅपटॉप घ्यावयाचा झाल्यास सर्वांत पातळ नमुन्यापेक्षा जाड पेटीचा, उत्तम पंख्यांचा नमुना श्रेयस्कर. लेखणीसाठीची तरतूद मात्र आरंभीच बाजूला काढून ठेवावी, कारण उंदरावर अर्थात माऊसवर शिल्पन शिकणे म्हणजे हातमोजे घालून माती मळणे होय.

डेस्कटॉप की लॅपटॉप, हा प्रश्न यानंतर येतो आणि त्याचे उत्तर कामाच्या जागेवर अवलंबून आहे. विभागाच्या प्रयोगशाळेत यंत्र हलवावयाचे नसते. तेथे सारख्याच खर्चात अधिक काळ टिकणारा, दुरुस्त होणारा व रॅम वाढविता येणारा डेस्कटॉप सर्व दृष्टींनी सरस ठरतो. वसतिगृहात राहणाऱ्या वा दोन गावांत ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला तो सोबत नेता येत नाही. शिवाय जेथे भारनियमन वा विजेचा लपंडाव असतो तेथे डेस्कटॉपसोबत यूपीएसचा खर्च धरावा लागतो, तर लॅपटॉपची बॅटरी न जतन केलेले काम वाचविते. महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात ही बाब गौण मानता येणार नाही.

डिजिटल साधनाने हातकाम संपुष्टात आणले, असे मात्र म्हणता येत नाही. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले व सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेल्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे २०१८ मध्ये अनावरण झाले. त्याच्या लहान आकारातील मूळ शिल्पाचे त्रिमितीय स्कॅनिंग करून त्यावरून प्रचंड आकार साधण्यात आला. हाताने घडविलेली प्रतिकृती आणि संगणकीय नोंद यांचा कॅटमल यांच्या प्लास्टरच्या हातापासून चालत आलेला संबंध येथेही कायम राहिल्याचे दिसते.

निष्कर्ष

१) १९६३ पासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत शिल्पकाराचा संगणक संस्थेच्या मालकीचा होता. तो शक्तिमान असूनही शिल्पन मातीतच होत राहिले. कारण शिल्पकाराच्या हाताला अनुरूप कार्यपद्धती उपलब्ध नव्हती.

२) १९९९ नंतर झालेले परिवर्तन यंत्राच्या सामर्थ्याइतकेच माहितीच्या मांडणीतून घडले. ग्राफिक्स यंत्रणेस वळसा घालणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे साधनाची मालकी कलावंताकडे आली.

३) ३२ बिटच्या मर्यादेचा इतिहास असे दर्शवितो की, सॉफ्टवेअरला न वापरता येणारे सामर्थ्य विकत घेणे निरर्थक असते.

४) २००४ नंतर उष्णता हा निर्णायक घटक बनला. डेस्कटॉप व लॅपटॉप यांची तुलना चिपच्या नावावरून न करता अखंड कामातील टिकाव, स्मृतीवाढीची शक्यता व दुरुस्तीची सोय यांवरून करणे योग्य ठरते.

५) महाविद्यालयीन विभागांनी खरेदीचे तांत्रिक निकष ठरविताना अभ्यासक्रमात प्रत्यक्ष शिकविले जाणारे सॉफ्टवेअर आधारभूत मानावे. तसे केल्यास एका महागड्या यंत्राच्या खर्चात अनेकदा दोन विद्यार्थ्यांची सोय होऊ शकेल, आणि मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.